सिंटॅक्स ट्रीवर नोंदी कशा चढवाव्यात

छोटा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्राम) लिहिताना पार्सरने, म्हणजे मजकुराची व्याकरणानुसार फोड करणाऱ्या भागाने, दिलेला सिंटॅक्स ट्री म्हणजेच रचनेचा वृक्ष पुढच्या टप्प्यांना पुरत नाही. प्रत्येक नोडवर (वृक्षातील घटकावर) त्याचे मजकुरातील स्थान, नावाचा अर्थ आणि टाइप (किमतीचा प्रकार) यांची नोंद चढवावी लागते. उदाहरणासाठी ‘सरासरी = बेरीज / २ + ०.५’ ही ओळ घेऊ. भाषेचे नियम सी भाषेचे असून बेरीज हा चल इंट (पूर्णांक) आणि सरासरी हा डबल (दशांश संख्या) आहे, असे धरू.

या वृक्षाच्या मुळाशी असाइनमेंटचा नोड येतो. त्याच्या डावीकडे सरासरी असते आणि उजवीकडे बेरीज-क्रियेचा (+) नोड, ज्याच्या खाली एका बाजूला भागाकार व दुसऱ्या बाजूला ०.५ असते. कंस आणि अर्धविराम यांची माहिती वृक्षाच्या आकारातच सामावलेली असल्याने त्यांचे वेगळे नोड करण्याची गरज नाही.

स्थानाची नोंद नोड तयार होतानाच करावी, कारण ती नंतर भरून काढणे फार जिकिरीचे असते. स्तंभ (ओळीतील जागा) कशात मोजायचा हेही तेव्हाच ठरवावे. पायथन भाषेचे एएसटी (सिंटॅक्स ट्री हाताळणारे) मॉड्यूल तो शून्यापासून आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनाच्या बाइटमध्ये मोजते. वरच्या ओळीत बेरीज हे नाव युनिकोड चिन्हांनी मोजल्यास ९ व्या स्थानी, तर बाइटनी मोजल्यास २१ व्या स्थानी सुरू होते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. हा फरक न सांभाळल्यास त्रुटीची खूण भलत्याच अक्षराखाली उमटते.

त्यानंतर नावे सोडवावीत. नोडवर नुसते ‘बेरीज’ हे अक्षररूप ठेवू नये, तर सिंबॉल टेबलमधील (घोषित नावांच्या यादीतील) नेमक्या घोषणेचा संदर्भ ठेवावा. आतल्या ब्लॉकमध्ये त्याच नावाचा दुसरा चल असू शकतो आणि कोड तयार करताना ही शोधाशोध पुन्हा करणे योग्य नाही.

खरी कसोटी टाइपची. पानांपासून (खाली फांदी नसलेल्या नोडपासून) वर चढत जावे: बेरीज इंट, २ इंट, म्हणून भागाकारही इंट. वरच्या बेरीज-क्रियेत मात्र ०.५ डबल असल्यामुळे इंटचे डबलमध्ये रूपांतर करावे लागते, आणि त्यासाठी भागाकार व बेरीज-क्रिया यांच्यामध्ये रूपांतराचा स्वतंत्र नोड घालावा. बेरीज या चलाची किंमत ७ असेल, तर भागाकार ३ येतो आणि उत्तर ३.५ मिळते. तोच नोड चुकून भागाकाराच्या खाली, बेरीज या पानावर बसला, तर भागाकार ३.५ होऊन उत्तर ४ येते. म्हणूनच रूपांतराचे काम कोड-निर्मितीच्या अंदाजावर न सोडता ते वृक्षात उघड दिसावे, असे माझे ठाम मत आहे.

खालून वर येणाऱ्या आणि वरून खाली उतरणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या गुणधर्मांची, म्हणजे नोडवरील नोंदींची, शिस्तबद्ध मांडणी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ मध्ये केली. टाइप सहसा वर चढतो, तर उपलब्ध नावांचा स्कोप (ती वापरता येण्याची कक्षा) खाली उतरतो.

ज्या नोडचा टाइप ठरलाच नाही, त्याला ‘त्रुटी’ हा खास टाइप द्यावा आणि असा टाइप वर आला की नवी तक्रार करू नये; अन्यथा एका चुकलेल्या नावापोटी संदेशांची रांग लागते.

प्रत्येक टप्प्यानंतर वृक्ष छापून पाहण्याची सोय सुरुवातीलाच करावी. सी भाषेच्या क्लँग कंपायलरमध्ये ती आहे. आपला वृक्ष त्याच्या वृक्षाशेजारी ठेवून पाहिल्यास रूपांतराचा नोड योग्य जागी बसला आहे की नाही, हे लगेच दिसते.