एका पेपरपुरतं रायटर व्हायचं असेल तर

परीक्षा जवळ आल्या की निरोप फिरायला लागतात. 'उद्या सकाळी ११ ला एसवाय बीएचा पेपर, रायटर हवा, अर्जंट.' अंध विद्यार्थ्यांसाठी पेपर लिहायला जाणं हे एका दिवसाचं काम आहे, आणि ज्यांना वर्षभर बांधून घेणं जमत नाही त्यांच्यासाठी याहून सरळ काम मला माहीत नाही. कागदोपत्री 'लेखनिक' म्हणतात, बोलताना सगळे रायटरच म्हणतात. विद्यार्थी सांगणार, तुम्ही लिहिणार. कामाचं स्वरूप एवढंच. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांची जी धांदल उडते ती मी इतक्यांदा पाहिली आहे, आणि माझी स्वतःची इतकी झाली आहे, की हे लिहून ठेवणं गरजेचं वाटलं.

सगळ्यात आधी पात्रता बघा. हस्ताक्षर, वेग, मराठी टायपिंग, सगळं नंतर. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उमेदवार स्वतःचा लेखनिक आणत असेल, तर त्या लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवं असे. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, त्यामुळे नेमकी अट त्यांत बघा, पण लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा हे तसंच आहे. म्हणजे तुम्ही जितके जास्त शिकलेले, तितके कमी पेपर तुम्हाला लिहिता येणार. एमबीए झालेला, मनापासून मदत करायला निघालेला माणूस बीएच्या पेपरला चालत नाही. अकरावीतली मुलगी चालते. ऑफिसातून सेवेसाठी एक दिवसाची रजा मिळाली म्हणून उत्साहाने नाव देणारे बहुतेक जण इथेच अडतात, आणि अडल्याचं त्यांना कळतं ते केंद्राच्या दारात.

मला ते दारातच कळलं. मी तेव्हा एसवाय बीएस्सीला होते, आणि जिचा पेपर लिहायला गेले होते ती अंध ताई एसवाय बीएला. शाखा वेगळी, विषय वेगळा. आधीच्या पेपरला दुसऱ्या केंद्रावर हेच कागद बघून आत सोडलं होतं, त्यामुळे आम्ही दोघी निर्धास्त होतो. या केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, 'वर्ग एकच आहे, लेखनिक खालच्या वर्गाचा लागतो.' ताईने विनवलं, मी आधीच्या पेपरचं पत्र दाखवलं. पंधरा मिनिटं बोलाचाली झाली आणि शेवटी त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजचा एक मुलगा वर्गातून उठवून आणला. ताईने त्या मुलाचा आवाजसुद्धा कधी ऐकला नव्हता. बाकीच्यांचे पेपर सुरू झाले होते आणि ती त्याला स्वतःचं आडनाव कसं लिहायचं ते सांगत होती. गेलेली मिनिटं तिला भरून मिळाली नाहीत. मी बाहेर कट्ट्यावर बसून राहिले.

म्हणून हे जरा लांबण लावून सांगते, कंटाळू नका. 'उमेदवारापेक्षा खाली' याचा अर्थ प्रत्येक परीक्षा आपापल्या परीने लावते. कोणी चालू वर्ग बघतं, कोणी शेवटची उत्तीर्ण परीक्षा. काही ठिकाणी वेगळी शाखा हवी असते. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत शाखा कुठलीही चालते, पण लेखनिक त्याच परीक्षेचा उमेदवार असून चालत नाही, आणि एकच लेखनिक दोन उमेदवारांना वापरता येत नाही. तेव्हा 'मागच्या वेळी चाललं होतं' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. त्या त्या परीक्षेची, त्या त्या वर्षाची सूचना विद्यार्थ्याकडून मागवा, स्वतः वाचा, आणि शंका असेल तर विद्यार्थ्याला केंद्रावर आधी फोन करायला सांगा. तुमच्याकडून लागतं ते कॉलेजचं ओळखपत्र, चालू वर्षाचं बोनाफाइड, आधार आणि फोटो. विद्यार्थ्याकडून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आणि लेखनिकाच्या नावाचं हमीपत्र. मूळ प्रती आणि झेरॉक्स, दोन्ही. बोनाफाइडला कॉलेजच्या ऑफिसात दोन-तीन दिवस सहज जातात, ते पेपरच्या आदल्या दिवशी मागायला जाऊ नका.

काही जुने स्वयंसेवक तुम्हाला सांगतील, बारावीची मार्कशीट दाखव, पदवीचं बोलूच नकोस, कोण तपासतंय. त्यांचं ऐकू नका. २०१८ च्या सूचनांतल्या हमीपत्राचा नमुना वाचा. लेखनिकाचं शिक्षण जास्त निघालं तर उमेदवाराचा त्या पदावरचा हक्क जाईल, असं उमेदवाराच्याच सहीने त्यात लिहिलेलं होतं. थाप तुमची, आणि नोकरी जाणार त्याची. हा शॉर्टकट सुचवणाऱ्या माणसाकडून मी बाकीचाही सल्ला घेत नाही, मग तो कितीही वर्षं या कामात असो.

आता धीराची गोष्ट. पात्रता जुळली की अर्धं काम झालं, आणि उरलेलं कोणालाही जमण्यासारखं आहे. अक्षर सुंदर नको, वाचता येणारं हवं. वेग लागतो, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. हात दुखतो. पहिल्या वेळी रात्री पोळी मोडतानाही माझं मनगट दुखत होतं. सवयीने ते कमी होतं.

एक भेट आधी झालीच पाहिजे. परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक दिला तर उमेदवाराला दोन दिवस आधी त्याला भेटू द्यावं, असं २०१८ च्या सूचनांत म्हटलं होतं, आणि स्वतः ठरवलेल्या जोडीनेही ते पाळावं. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन तासभर बसा. माझ्या मते हा एक तास कुठल्याही संस्थेच्या प्रशिक्षण शिबिरापेक्षा मोलाचा आहे. शिबिरात स्लाइड दाखवतात, चहा देतात, फोटो काढतात. पण कोणत्या वेगाने सांगायचं, स्वल्पविराम बोलून सांगणार की तुमच्यावर सोडणार, वेळ दर अर्ध्या तासाने सांगायची की विचारल्यावरच, हे तो विद्यार्थीच सांगू शकतो. शिकवणारा तोच.

या सरावात एक गोष्ट मुद्दाम तपासून घ्या. बहुपर्यायी प्रश्न वाचताना तुमचा आवाज. उत्तर तुम्हाला माहीत असलं की योग्य पर्यायावर आवाज नकळत जरा रेंगाळतो, आणि ज्याचं आयुष्य कानांवर चालतं त्याला ते लगेच कळतं. माझ्याबरोबर सराव करणारा एक दादा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला थांबला आणि म्हणाला, 'तू उत्तरं सांगू नकोस गं. मला माझे मार्क हवेत.' त्यानंतर मी चारही पर्याय एकाच सुरात, एकेक श्वास सोडून वाचायची सवय लावली. लिहितानाही हेच. तो चुकीचं सांगतोय असं दिसलं तरी सांगितलं तसंच लिहायचं. भुवया उंचावल्या तर त्याला दिसत नाहीत, पण पेन थांबलेलं ऐकू येतं. पेन थांबवू नका. एखाद्या नावाचं स्पेलिंग कळलं नाही तर ते मात्र जरूर विचारा.

पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचून दाखवा, सूचना आणि गुणांसकट. कुठला प्रश्न आधी घ्यायचा हे ठरवायला डोळस विद्यार्थी दोनदा पानं चाळतो, अंध विद्यार्थ्यासाठी ते चाळणं म्हणजे तुमचं वाचन. आकृती, नकाशा असेल तर पर्यायी प्रश्न आहे का ते पर्यवेक्षकांना विचारायला त्याला सुचवा. एकाच खोलीत दोन-तीन जोड्या असतात, तेव्हा आवाज खाली. पर्यवेक्षक बहुतेकदा तुमच्याशीच बोलतात, 'याचा सीट नंबर काय?' विद्यार्थ्याकडे मान वळवा आणि त्याला उत्तर देऊ द्या. जिन्यावरून नेताना हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, तो धरेल.

पेपर संपल्यावर तो चहा पाजतो म्हणाला तर प्या. पैसे मी घेत नाही, पण चहाला नाही म्हणत नाही. सतत घेणाऱ्याच्या भूमिकेत राहायचा कोणालाही कंटाळा येतो.

आणि नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा. आदल्या रात्री दहा वाजता 'सॉरी, ऑफिसचं काम निघालं' असा मेसेज येणं हे या मुलांच्या परीक्षेतलं सगळ्यात मोठं संकट आहे, अभ्यासापेक्षाही. आयत्या वेळी लेखनिक बदलायची मुभा २०१८ च्या सूचनांत होती, पण रात्री दहाला नवा माणूस आणि त्याचं बोनाफाइड कुठून आणणार? खात्री नसेल तर नाव देऊच नका. त्यात काही कमीपणा नाही.

पदवी झालेल्यांनी हे वाचून हिरमुसू नये. माझीही पदवी झाली आणि मला आता बीएचे पेपर लिहिता येत नाहीत, तरी काम संपलेलं नाही. सरावाचे पेपर लिहायला पात्रतेची अट नसते. नोट्स वाचून रेकॉर्ड करता येतात. पुस्तकं स्कॅन करून मजकूर तपासण्याचं काम तर कायमच पडून असतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी वाचनसुलभ प्रत करायला मुभा आहे, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात अशी पुस्तकं ऑनलाइन मिळतात. मराठीत मात्र स्कॅन केलेल्या पानात जोडाक्षरं तुटतात, रफार उडतो, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ते जसंच्या तसं बोलतो. 'कार्य'चं 'काय' झालं तर इतिहासाच्या धड्याचा अर्थच बदलतो. ते दुरुस्त करायला मराठी नीट येणारा माणूसच लागतो. जवळच्या अंधशाळेत किंवा तुमच्या विद्यापीठातल्या अंध विद्यार्थ्यांच्या केंद्रात विचारा, आणि सुरुवातीला पुस्तक घेऊ नका, एकच धडा घ्या. तो पूर्ण करून परत दिलात की पुढचा तेच देतील.