तुटणं वेगळं, तुटलेली जागा वेगळी

आमच्या फोंड्याच्या घरी विहिरीला काथ्याचा दोर आहे, दोन पेडांचा. डीएनएही तसाच दोन पेडांचा. एम.एस्सी.च्या मुलांना डीएनएमधल्या ब्रेक्सची ऑन्टॉलॉजी, म्हणजे संज्ञा, त्यांच्या व्याख्या आणि संबंध यांची संगणकासाठी केलेली झाडासारखी मांडणी, रचायला शिकवते तेव्हा त्या दोराचा जुना तुकडा मी टेबलावर ठेवते.

संगणक उघडण्याआधी ठरवा: 'ब्रेक' म्हणजे तुटण्याची घटना, की तुटलेली जागा? इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन्ही एकाच फांदीवर बसले आणि 'दुरुस्ती' जोडायला गेले तिथे अडले. घटना दुरुस्त होत नाही, जागा होते. म्हणून दोन स्वतंत्र फांद्या करा.

मग व्याख्या. आधी वरचा वर्ग, नंतर वेगळेपण. सिंगल-स्ट्रँड ब्रेक: डीएनएतली अशी जागा, जिथे एकाच पेडाच्या कण्यातला फॉस्फोडायएस्टर बंध तुटला आहे. हा बंध पेडाचे दुवे, म्हणजे न्यूक्लिओटाइडं, एकमेकांना जोडतो. नुसता बंध गेला तर निक, न्यूक्लिओटाइडही गेलं तर गॅप. निक लायगेज हे विकर (एन्झाइम) सांधतं, गॅप आधी भरावी लागते.

डबल-स्ट्रँडला मात्र वेळ द्या. 'दोन्ही पेड तुटलेले' एवढं पुरत नाही. दोराचा एक पेड इथे तुटला, दुसरा हातभर पुढे, तरी घागर वर येते. डीएनएतही दोन छेद लांब असले तर मधल्या बेसजोड्या, म्हणजे दोन पेडांना एकमेकांशी बांधणाऱ्या जोड्या, धरून ठेवतात. जवळ असले, सहसा 10 बेसजोड्यांच्या आत, तर टोकं सुटतात. पण 10 व्याख्येत घालू नका. तापमान आणि क्षार बदलले की तो आकडा हलतो. 'टोकं एकमेकांपासून सुटू शकतात' हे लिहा, आकडा टिपेत ठेवा.

उपवर्ग टोकांच्या आकारावरून पाडा. इकोआरवन हे डीएनए कापणारं विकर कापतं तेव्हा 5 प्राइम बाजूला (पेडाच्या दोन टोकांपैकी एकाचं हे नाव) एएटीटी ही चार अक्षरं, म्हणजे चार बेस, लोंबतात. इकोआरफाइव्ह हे दुसरं विकर सपाट कापतं.

कारणावरून जागांचे वर्ग पाडू नका, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. कारण घटनांच्या फांदीत जातं आणि 'यामुळे झाला' या संबंधाने जागेला जोडतात. तिथे मराठी क्रियापदं कामी येतात: मेयोसिसमध्ये, म्हणजे जननपेशी बनवणाऱ्या विभाजनात, पेशी स्पो 11 हे प्रथिन वापरून डीएनए तोडते, एक्स-रेने तो तुटतो. 1998 साली सुरू झालेल्या जीन ऑन्टॉलॉजीत, म्हणजे जनुकांच्या कामांच्या सामायिक ऑन्टॉलॉजीत, तोडण्याला संज्ञा आहे. एक्स-रेने तुटण्याला नाही, कारण ते पेशीचं स्वतःचं काम नव्हे. दुरुस्ती मात्र पेशीच करते, तिची संज्ञा तिथे आहे.

शेवटी पाच ब्रेक्सची चित्रं काढून दोघांना वेगवेगळं वर्गीकरण करायला द्या. जिथे उत्तरं जुळणार नाहीत, ती व्याख्या परत लिहा.