वेबपेजला कंपन कसं जोडायचं: कापसाच्या काट्यावरचा प्रयोग

नोव्हेंबरातलं ऊन, धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेला काटा आणि गाठोडी घेऊन उभ्या बाया. अशा उजेडात मोबाइलच्या स्क्रीनचा आरसा होतो. आपलं तोंड दिसतं, आकडा दिसत नाही. "माहं वजन लिवलं का रे बाप्पा?" असं कुणी विचारलं की हाताची सावली करून बघावं लागायचं. वेचणीची नोंद ठेवायला मी साधं वेबपेज केलं होतं. त्याला कंपन जोडलं, आणि आता नोंद झाल्याचं हातालाच कळतं. वेगळं अ‍ॅप लागलं नाही.

आधी कंपन कशाला द्यायचं ते ठरवा. प्रत्येक बटणाला दिलं तर दहा मिनिटांत हात ते मनावर घेणं सोडतो. मी दोनच जागा ठेवल्या: नोंद झाली आणि नोंद फसली.

आता ती ओळ. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपेजला काम सांगायच्या भाषेत, नॅव्हिगेटर, टिंब, व्हायब्रेट असं लिहून कंसात आकडा द्यायचा (शब्द अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत). आकडा मिलिसेकंदांचा. ६० दिलं तर एक छोटा ठोका. चौकोनी कंसात २००, १००, २०० अशी यादी दिली तर दोन लांब ठोके आणि मध्ये १०० ची उसंत. पहिला आकडा कंपनाचा, दुसरा थांबण्याचा, पुन्हा कंपनाचा. शून्य दिलं की चालू कंपन बंद. जोर कमी-जास्त करायची सोय नाही, फक्त वेळ हातात आहे.

हे फंक्शन ब्राउझरमध्ये आहे का, ते इफ (म्हणजे 'असेल तरच' अशी अट) लावून आधी तपासा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये आहे, आयफोनवरच्या सफारीत नाही. न तपासता बोलावलं तर तिथे एरर येते आणि पुढचं कामही अडतं.

ओळ कुठे टाकायची, इथे मी फसलो. बटण दाबताक्षणी कंपन द्यायचो. एकदा रेंज गेली, फोन थरथरला, आणि दोघींची वजनं कुठेच पोचली नव्हती. संध्याकाळी मजुरीच्या हिशेबाला बसल्यावर ते उमगलं. तेव्हापासून वजन आधी फोनमध्येच साठवतो, ते साठलं की मगच ठोका. क्रोमला एवढंच हवं असतं की माणसानं त्या पेजला एकदा तरी बोट लावलेलं असावं. त्यामुळे दाबल्यानंतर थोड्या वेळानं दिलेलं कंपनही चालतं. पेज नुसतं उघडून ठेवलं तर चालत नाही.

आकडा किती ठेवायचा, हे लॅपटॉपवर बसून ठरत नाही. स्वस्त फोनमध्ये बहुधा एका बाजूला वजन असलेली बारकी मोटर असते. तिला फिरायला लागायलाच वेळ लागतो, त्यामुळे १० मिलिसेकंदांचा ठोका तिथे जाणवतही नाही. महागड्या फोनवर तोच छान टिचकीसारखा लागतो. म्हणून गावातला जुन्यात जुना फोन मागून आणा. दुसऱ्याच्या हातात द्या, डोळे मिटायला सांगा, शेजारी ट्रॅक्टर चालू असू द्या आणि विचारा, "झालं की फसलं?" माझे ६० (नोंद झाली) आणि २०० (नोंद फसली) याच खटाटोपातून आले.

आयफोनसाठी आडवाट आहे, पण छोटी. २०२४ मध्ये सफारीत चेकबॉक्सला स्विच नावाचा गुणधर्म आला, आणि आयओएस १८ पासून असा स्विच बोटानं सरकवला की हलकी टिचकी बसते. चालू-बंदच्या बटणाला ते पुरतं, वजनाच्या नोंदीला नाही.

कंपन बंद करायचं बटणही पेजवर द्या आणि ती निवड लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या फोनमधल्याच साठवणीत, ठेवा. नोंद झाल्यावर स्क्रीनवर दिसणारी हिरवी खूण मात्र काढू नका. फोनच्या सेटिंगमध्ये कुणी कंपन बंद करून ठेवलं असेल, तर पेजला त्याचा पत्ताही लागत नाही.