घरी प्लायवूडची होडी बनवताय? मग आमच्या या चुका टाळा

आमची पहिली होडी दहा फुटी, चपट्या तळाची, पेडण्याच्या घरी पडवीत बनवली. सुरुवात केली मेच्या शेवटी, आणि पहिली चूक तिथेच झाली. शेजारचे मेस्त म्हणालेले, "चवथीनंतर कर रे बाबा, आता हवा ओली होणार." ऐकलं नाही. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि इपॉक्सीला (फळ्या जोडायचा, दोन भाग कालवून होणारा गोंद) दमट हवा अजिबात झेपत नाही, म्हणून नोव्हेंबर ते मार्च हाच खरा सीझन.

आता प्लाय. दुकानात "वॉटरप्रूफ द्या" म्हणालात तर किचनच्या कपाटाचा प्लाय गळ्यात पडतो. मागायचा मरीन प्लाय, शीटवर आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून. तरी शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास नको, मी ठेवला आणि पस्तावलो. तळहाताएवढा तुकडा जुन्या पातेल्यात दिवसभर उकळा (घरच्या चांगल्या भांड्यात नको, बोलणी बसतील), मग कडेला सुरी घालून बघा, थर सुटले तर शीट परत. कडेला आत पोकळ फटी दिसल्या तरी घेऊ नका, पाणी पुढे तिथूनच फिरतं. दहा फुटी होडीला 6 मिमी पुरतो, फक्त शीट आठ फुटी असते त्यामुळे जोड द्यावाच लागतो. दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या, या उताराची लांबी जाडीच्या आठ पट म्हणजे 6 मिमीला जवळजवळ 5 सेंटिमीटर, घाईत दोन सेंटिमीटरचा केलात तर वाकवताना बरोबर तिथेच कडकन् मोडतो.

प्लायच्या फळ्या आधी तांब्याच्या तारेने शिवायच्या, गोणी शिवतो तशा, मग सांधे इपॉक्सीने भरायचे. मोटर वाइंडिंगवाल्याकडची तार चालते. भोकं कडेपासून सेंटिमीटरभर आत आणि एकमेकांपासून वीतभर. चूक काय होते, तर पहिला टाका घातला की लोक पक्कडीने आवळूनच टाकतात. सगळे टाके सैल ठेवा, मग होडीच्या काठांवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून मागून एका डोळ्याने बघा, दोन्ही समांतर दिसल्या तरच आवळा. आम्ही हे केलंच नाही, तळाला पीळ बसला, आणि आता तेरेखोल नदीच्या पाण्यात वल्हं मारा की होडी आपली डावीकडे, जणू सासर तिकडेच आहे! इपॉक्सी सुकल्यावर पीळ निघत नाही, कितीही दगड ठेवा.

सगळ्यात जास्त रडवतं ते इपॉक्सीच. इकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे पॉलिस्टर रेझीन वापरतात आणि त्यात हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) थोडा कमीजास्त करून सुकायची वेळ जुळवतात, तीच सवय लोक इपॉक्सीला लावतात. इपॉक्सीत ते चालत नाही. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, आणि ते वजनाने की मापाने हेही नीट वाचा, काट्यावर तोलून घ्या. हार्डनर जास्त टाकलात तर लवकर सुकत नाही, चिवट रबरासारखं राहतं. पॉलिस्टर स्वस्त म्हणून घ्यावंसं वाटेल, पण लाकडाला ते नीट धरत नाही, दोनेक वर्षांत पापुद्रा सुटतो.

दोन दिवस झाले तरी चिकट आहे? प्रमाण चुकलं असेल तर वरून दुसरा हात मारून काही होणार नाही, खरवडून काढा, दुसरा इलाज नाही. पण खाली कडक आणि वर मेणासारखा तुळतुळीत थर असेल तर ती दमट हवेची करामत. तो थर साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने आधी धुवायचा, सुकवायचा, मगच सँडपेपर. आम्ही थेट सँडपेपर मारला, तो थर आत चोळला गेला आणि वरचा रंग सोललेल्या बटाट्यासारखा निघाला.

इपॉक्सी कालवलेल्या मगातून धूर येतोय? पाव किलो एकदम कालवलंत ना! थोडं थोडं कालवा आणि पसरट ताटात ओता. लाकडावर बुडबुडे आले तर सकाळी लावणं बंद करा, ऊन चढतं तशी लाकडातली हवा बाहेर येते. दुपारी तीननंतर, गरमी उतरत असताना लावा, आणि दव पडायच्या आत उरका.

सांध्यात भरायचं इपॉक्सीचं मिश्रण चक्क्यासारखं घट्ट हवं, त्यात सँडिंगचा बारीक भुसा, करवतीचा जाडा नको. चमच्याच्या पाठीने गोलाई द्या.

कडा मात्र विसरू नका. प्लायची कड स्ट्रॉसारखी पाणी ओढते, चकाकी येईपर्यंत तीनदा इपॉक्सी पाजा. प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि मग परत पाडा. वरून रंग हवाच, उन्हात इपॉक्सी पिवळं पडून भुगा होतं.

पाण्यात नेण्याआधी होडी स्टुलांवर ठेवून आत चार बादल्या पाणी ओता आणि खालून बघा, जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण. इंजिन लावायचं असेल तर आधी पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात विचारून घ्या.

आणि पावसात होडी पालथी ठेवा. खाऱ्या पाण्यापेक्षा आत साचलेलं पावसाचं गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं. टायरवर ठेवा, वारा खेळू द्या, फक्त माडाखाली नको. आमच्या तळाला एक गोल ठिगळ आहे ते त्याचंच.