लीथल कंपनी: चौघांनी खेळायला बसण्याआधी

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या ऑनलाइन भयगेममध्ये टोळीने यानातून चंद्रांवर उतरायचं, राक्षसांना चुकवत भंगार गोळा करायचं आणि ते 'कंपनी'ला विकून ठरलेला कोटा भरायचा. पण सगळी मजा आवाजात आहे. जवळचा मित्र स्पष्ट ऐकू येतो, लांबचा पुसट, आणि बोलता बोलता एखादा मध्येच गप्प झाला की तो गेला हे बाकीच्यांना कळतं. म्हणून डिस्कॉर्ड या वेगळ्या चॅट ॲपवरचा कॉल बंद ठेवा. चालू ठेवलात तर मेलेला गडीही "अरे मागे बघ" करत राहतो आणि भीतीची पार हवा निघते.

होस्ट, म्हणजे ज्याच्या पीसीवर खेळ चालतो तो, जपून निवडा. सेव्ह त्याच्याच पीसीवर राहतं आणि त्याचं कनेक्शन तुटलं की सगळेच बाहेर. घोडबंदर, कळवा, ऐरोली, खारघर असे विखुरलेले असाल तर ज्याचं फायबर स्थिर आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे, त्यानेच होस्ट व्हावं. पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. दुसरा कोणी तुटला तर चालू खेळात परत येता येत नाही, ही गेमची मोठी उणीव. उरलेल्यांनी तो दिवस संपवून यान कक्षेत न्यावं, म्हणजे सेव्ह होतं. मग होस्टने लॉबी (सगळ्यांनी जमायची ऑनलाइन खोली) पुन्हा उघडावी.

सुरुवातीला हातात ६० क्रेडिट (गेममधले पैसे) असतात. १५ चे दोन टॉर्च आणि १२ चे दोन वॉकीटॉकी घेतले की ५४ गेले. फावडं ३० ला पडतं, ते पहिल्या विक्रीनंतर. पहिला कोटा १३० चा, मुदत तीन दिवसांची. घाईने भंगार विकू नका: तीन दिवस बाकी असताना कंपनी फक्त ३० टक्के भाव देते, मुदतीच्या शेवटी पूर्ण १००.

एकाने यानातच बसायचं. चौघेही मेले तर यानात साठवलेलं भंगारसुद्धा जातं; एक जरी जिवंत परतला तरी ते वाचतं. शिवाय बसलेल्याला काम भरपूर. यानातल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे टर्मिनलवर, 'स्विच' टाइप करून तो एकेकाच्या नकाशावर नजर ठेवतो, लाल ठिपका (राक्षस) दिसला की वॉकीवर ओरडतो, आणि दाराचा कोड टाइप करून दार उघडतो किंवा बंद करतो. भूसुरुंगाचा कोड टाकला तर तो थोडा वेळ निकामी होतो, पण थोडाच. तेवढ्यात पलीकडे पळा.

कॉइलहेड हा राक्षस दिसला तर नजर हटवू नका, बघत राहिलात की तो जागच्या जागी थिजतो. एकाने बघायचं, दुसऱ्याने माल बाहेर काढायचा, मग उलटपावली मागे. ब्रॅकन या दुसऱ्या राक्षसाचं उलटं: एक कटाक्ष टाका आणि नजर वळवा, टक लावलीत तर चवताळतो. संध्याकाळी बाहेर फिरणारे कुत्रे आंधळे असतात पण कान तिखट, आणि ते तुमचा माइक ऐकतात. घरातल्या कुकरची शिट्टी माइकमध्ये गेली तरी धावून येतील. सेटिंगमध्ये 'पुश टू टॉक' लावा, म्हणजे बटण दाबल्यावरच माइक चालू होतो. वादळात हातातली धातूची वस्तू ठिणग्या टाकू लागली तर तिथेच टाका आणि दूर व्हा, वीज त्यावरच पडते.

खटकणारी गोष्ट म्हणजे लवकर मेलेल्याची रखडपट्टी. यान उडेपर्यंत त्याला नुसतं बघत बसावं लागतं. मेलेले मत देऊन यान लवकर निघायला लावू शकतात, पण आत माल घेऊन अडकलेल्याची मग पंचाईत होते. असं मत कधी द्यायचं ते आधीच ठरवा. एकट्याने खेळलात तर गेम फिका लागतो. फुकटचे चंद्र पाठ झाले की राक्षसही ओळखीचे होतात. तेव्हा पैसे मोजून जायच्या चंद्रांपैकी रेंडसाठी ५५० किंवा टायटनसाठी ७०० क्रेडिट बाजूला ठेवायला लागा.