आवाज एकाच कानात येतोय? दाविंची रिझॉल्व्हमध्ये मोनो-स्टिरिओ असे लावा

मुलाखतीचे फुटेज उघडले की कॉलर माइकचा आवाज हेडफोनच्या डाव्या बाजूलाच येतो. रेकॉर्डिंग बिघडलेले नसते. माइक एकच असतो, पण कॅमेरा फाइल दोन चॅनलची करतो. दुसरा चॅनल रिकामा राहतो किंवा त्यात कॅमेऱ्याचाच माइक असतो. पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवण्याचे नियंत्रण) मध्यावर असला तरी स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असे दोन चॅनल असलेल्या, क्लिपचा डावा चॅनल डावीकडेच वाजतो.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कापाकापी सुरू करण्याआधीच हे उरका. मीडिया पूलमध्ये (आणलेल्या फाइल्स दिसतात तिथे) क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्स उघडा, ऑडिओ टॅबमध्ये फॉरमॅट मोनो (एकाच चॅनलचा) करा आणि सोर्स चॅनल म्हणून एम्बेडेड चॅनल १ निवडा. मग टाइमलाइनवर ट्रॅकच्या नावावर राइट क्लिक करून ट्रॅकचा प्रकारही मोनो करा. ही पायरी हमखास राहून जाते, आणि मोनो क्लिप स्टिरिओ ट्रॅकवर पडली की आवाज पुन्हा डावीकडेच अडकू शकतो. जी क्लिप आधीच टाइमलाइनवर आहे, तिच्यावर तिथेच राइट क्लिक करून हा बदल करा. मीडिया पूलमधला बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रीमिअर प्रो या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हेच काम मॉडिफाय मेनूतल्या ऑडिओ चॅनल्समध्ये होते.

दोन चॅनलवर दोन वेगळे माइक असतील तर फॉरमॅट मोनो करून ॲड बटणाने दुसरा मोनो ट्रॅक जोडा आणि त्याला एम्बेडेड चॅनल २ द्या. दोन्ही एकत्र वाजवण्याचा मोह मात्र टाळा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या कॅमेऱ्यात तोच शब्द सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही मिसळले की आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. कॉलर माइक ठेवा, कॅमेऱ्याचा ट्रॅक म्यूट करा. पुसू नका, कॉलरवर कापड घासले त्या जागी तो उपयोगी पडतो.

सगळ्यात फसवा प्रकार सभागृहातल्या मिक्सरचा. त्याचे बॅलन्स्ड आउटपुट (एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन तारांतून पाठवणारे) चुकीच्या केबलने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ इनपुटला जोडले की डाव्या-उजव्या चॅनलवर एकच आवाज उलट्या पोलॅरिटीने येतो, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. हेडफोनवर भाषण विचित्र पसरट वाटते, पण ऐकू येते. एका स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही चॅनल एकमेकांना खोडतात आणि वक्ता गप्प होतो! खात्री करायची तर दोन्ही चॅनल वेगळे मोनो ट्रॅक करून मध्यावर पॅन करा. आवाज एकदम क्षीण झाला किंवा गेला तर एकच चॅनल ठेवा, दुसरा टाकून द्या.

पार्श्वसंगीत आणि टाळ्या-गर्दीचा खरा स्टिरिओ आवाज मोनो करू नका. त्यांचा रुंदावा जातो. त्यांना वेगळा स्टिरिओ ट्रॅक द्या. चॅनल बदलल्यावर बोलण्याची पातळी काही डेसिबलने वर-खाली होते, म्हणून लेव्हल सगळ्यात शेवटी लावा आणि आवाजाची शिखरे, म्हणजे सर्वांत मोठे क्षण, उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा.