मेपल सिरपचा हंगाम आवरताना या चुका टाळा

मार्च सरत आला की कॅनडातल्या ऑन्टारियो, क्वेबेक आणि अमेरिकेतल्या व्हर्मोंटमधल्या परसातल्या, मेपल झाडाचा रस आटवून सिरप करणाऱ्या चुली शेवटच्या आधणाला लागतात. महिनाभर नेमाने बादल्या उतरवणारी माणसं नेमकी याच आठवड्यात घाई किंवा हाव करतात. चार-पाच झाडांवर घरापुरतं सिरप करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

शेवटच्या बादलीचा मोह

रात्री गोठणं थांबलं आणि कळ्या फुगू लागल्या की हंगाम संपला. खोडात बसवलेल्या तोटीतून रस अजून ठिबकतोय, हे कारण पुरेसं नाही. कळी जागी झाली की रसातली अमिनो आम्लं बदलतात आणि आटवल्यावर सिरपला जळक्या चॉकलेटसारखा, पुढे तर उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. कच्चा रस मात्र दिसायला स्वच्छ असू शकतो, म्हणून नुसतं बघून निकाल लावू नका. प्रत्येक झाडाचा कपभर रस छोट्या पातेल्यात वेगळा उकळा आणि वाफेवर नाक धरा. वास खटकला तर ती बादली झाडाच्या बुंध्याशीच ओता. लाल मेपलची कळी साखर-मेपलच्या आधी फुगते. दोन्हींचा रस एकाच पिंपात ओतणारे एका झाडापायी सगळा घाणा नासवतात. हा वास घरी गाळून जात नाही, दुसरं सिरप मिसळूनही जात नाही.

शिवाय हिशेबही बसत नाही. रसातल्या साखरेच्या टक्केवारीने 86 ला भागा. 2 टक्के साखर असेल तर 43 लिटर रसाचं 1 लिटर सिरप होतं. हंगामाच्या शेवटी साखर 1.2 टक्क्यांवर आली तर 72 लिटर लागतात. एवढं सरपण कशासाठी जाळायचं? त्यात हवा उबदार झालेली असते, रस एका दिवसात आंबट होतो.

शेवटच्या आधणात जळलेला तवा

दरवर्षी कुणाचा तरी पसरट तवा असाच जातो. हंगामभर मागून ताजा रस ओतला जात असतो, म्हणून आच कितीही असली तरी तळ झाकलेला राहतो. शेवटच्या दिवशी मागून ओतायला काहीच नसतं. विटांच्या चुलीत निखारे मात्र तेवढेच धगधगत असतात. पातळी बोटभर खाली येते, कडेला फेस चढतो, माणूस "पाचच मिनिटं" म्हणून बाटल्या आणायला आत जातो. परत येतो तर धूर, काळा कोळसा आणि वाकडा झालेला तळ. डाख दिलेला तवा असेल तर सांधाही सुटतो. आता लाकडं ओढून काढणार कशी? तवा गरम, जड आणि साखरेने भरलेला.

सरपण लवकर थांबवा. तव्यात 4-5 सेंटीमीटर रस शिल्लक असतानाच आच उतरायला हवी. तो अर्धवट आटलेला रस गाळून घरात गॅसवर पुरा करा, आणि तवा रिकामा होताच त्यात पाणी ओता. पाण्याची बादली आधीपासून शेजारी भरलेली हवी. सगळं आधण घरातच आटवू म्हणणाऱ्यांनी वाफेने ओल्या होणाऱ्या आपल्या भिंतींचा विचार करावा. काकवी ओळखणारा डोळाही इथे फार कामाचा नाही. तिच्यासारखं दाट होईपर्यंत थांबलात तर बाटलीच्या तळाशी खडे जमतील. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याच्या सुमारे 4 अंश सेल्सिअस वर सिरप तयार होतं. हवेचा दाब बदलतो, म्हणून उकळतं पाणी रोज मोजा.

कोमट सिरपात हायड्रोमीटर

हायड्रोमीटर म्हणजे सिरपात तरंगवून त्याचा दाटपणा मोजायची काचेची नळी. तिच्यावरची गरम सिरपासाठीची लाल रेघ जवळपास उकळत्या सिरपालाच लागू पडते. नळकांड्यात सिरप कोमट झालं की ते दाट होतं, हायड्रोमीटर वर तरंगतो आणि तयार झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात सिरप पातळच असतं, आणि मग जूनमध्ये बुरशी धरते. ब्रिक्स (सिरपातल्या साखरेची टक्केवारी) किमान 66 हवं.

बाटल्या 82 ते 85 अंशांवर भरा, झाकण लावून क्षणभर आडव्या करा. सिरप पुन्हा उकळवून भरलंत तर शुगर सँड (रसातल्या क्षारांचा रेतीसारखा गाळ) नव्याने बसते.

धुणं-पुसणं

तव्याला चिकटलेली शुगर सँड घासणीने खरवडू नका, पांढरं व्हिनेगर रात्रभर ठेवा. डाखाच्या तव्यात मात्र तासाभराने बघत राहा. नमद्याच्या गाळणीला साबण कधीच नाही, फक्त गरम पाणी. पिळायचीही नाही. सोडियमवाल्या ब्लीचने रस वाहून आणणाऱ्या नळ्या धुतल्यात तर मिठाच्या चवीसाठी खारी त्या कुरतडतात.

तोट्या

रस बंद झाला त्याच दिवशी काढा. पकडीने थोडी फिरवून सरळ ओढा, डावी-उजवीकडे हलवलीत तर प्लास्टिक आत तुटतं. भोकात मेण किंवा खुंटी ठोकू नका, झाड ते स्वतःच बुजवतं. पुढच्या वर्षीचं भोक जुन्याच्या बरोबर वर पाडू नका. तिथलं लाकूड उभ्या पट्ट्यात मेलेलं असतं, रस येत नाही. बाजूला किमान 15 सेंटीमीटर सरका.

बादल्या एकात एक घालून ओल्या ठेवू नका. आणि जुन्या बाजारातून आणलेली शिशाच्या डाखाची बादली असेल तर तिच्यात फुलं लावा, रस नको.